आम्ही सुखरूप

पिंपळथडी, ता. नेवासा
१४ जून २०२५

ज्ञानूबाई,

आशीर्वाद आधी घे, भांडण मागून करू. इकडे आम्ही सर्व सुखरूप, तशीच तूही असशील.

तुझ्या आपत्ती केंद्राची माणसं परवा वस्तीवर येऊन गेली. दोन पोरं, एक बाई, तिघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. एवढ्या उकाड्यात त्यांना बघूनच मला घाम फुटला. सलमानच्या पोल्ट्रीपुढच्या चिंचेखाली सगळ्यांना बसवलं आणि तुमचं ते 'हाळी' ॲप दाखवलं. धरणातून पाणी सुटलं, वीज पडणार असली, वादळ येणार असलं, की मोबाईल आपणहून हाळी देतो म्हणे. मी म्हटलं, बाई, जन्म गेला श्रीरामपुरात ट्रकांच्या गॅरेजात, कान तिथंच ठेवून आलोय. डोक्यावर भोंगा बांधलात तरी मला पत्ता लागायचा नाही. पण बाई हुशार. तिनं माझाच मोबाईल माझ्या वरच्या खिशात घातला आणि तिकडून काहीतरी दाबलं. छातीवर असा थरथरला की मी उठून उभाच राहिलो. बायका हसून हसून लोळल्या.

मग अडलं फोनवर. सलमानचा चांगला फोन त्याच्या टेम्पोबरोबर गावोगाव फिरतो. झुंबरबाईकडं बटणांचा डबा. बाकीच्या घरांतली तरणी पोरं चाकणला. दिवसभर वस्तीवर असणारा आणि मोठा मोबाईल बाळगणारा माणूस एकच, तुझा बहिरा मामा. तेव्हा सगळी घरं माझ्याच फोनवर चढवली आणि मला 'हाळीदार' करून टाकलं. वर नारिंगी टोपी दिली. तुझी मामी म्हणते, "गावात कानाची मानसं संपली व्हय?"

असं एकाच फोनवर सगळ्यांचं चालतं का, ते तू कळव. आणि पत्रानंच कळव. समोरच्याचं मला ओठांवरून कळतं, पण फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये तू 'ओके मामा' लिहून मोकळी होतेस, त्यानं माझं पोट भरत नाही.

मामी बरी आहे. बसल्या जागेवरून हुकूम सोडते.

तुझा,
कानिफनाथ मामा (हाळीदार)


अहिल्यानगर
२३ जून २०२५

मामा,

नमस्कार. पाया पडले असं आत्ता समजा, आल्यावर खरंच पडेन.

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. ती जाकीटवाली बाई, रेश्मा, माझीच मैत्रीण. ती म्हणाली, तुझे मामा टोपी घालून इतके ताठ उभे राहिले की फोटो काढावासा वाटला. एका फोनवर वस्ती चालते. आमचं केंद्र लहान आहे, प्रवराकाठच्या वस्त्यांपुरतं, आणि तुमच्यासारखा एकेक हाळीदार आहे म्हणूनच ते उभं आहे.

आता थट्टा बाजूला ठेवून नीट वाचा. हाळी आली की स्क्रीनवर दोन बटणं येतात. हिरवं 'आम्ही सुखरूप', लाल 'मदत हवी'. इकडे माझ्या टेबलापुढे मोठा नकाशा असतो आणि त्यावर प्रत्येक वस्तीचा ठिपका. हाळी गेली की सगळे ठिपके पिवळे होतात. तुम्ही जे दाबाल तो रंग माझ्याकडे दिसतो. होड्या आधी लाल ठिपक्यांकडे जातात, मग पिवळ्यांकडे.

तुमची वस्ती नदी आणि ओढ्याच्या बेचक्यात आहे. नदी फुगली की ओढा उलटा चढतो आणि गावाकडचा रस्ता आधी जातो, हे लहानपणी मी पाहिलेलं आहे. दहावीपर्यंत त्याच अंगणात वाढले ना. म्हणून तुमचा ठिपका मी इतरांपेक्षा जरा जास्तच बघते. साहेबांना सांगू नका.

एक विचारायचं राहिलं. मामी बसल्या जागेवरून हुकूम सोडते म्हणजे काय? ती बसायला कधीपासून लागली? मला तर ती उभीच आठवते.

तुमची,
ज्ञानेश्वरी


पिंपळथडी
९ जुलै २०२५

ज्ञानू,

खुशालीत असशील. आम्ही इकडे सुखरूप.

तुमची रंगीत तालीम आमच्याकडे पार पडली. मी गोठ्यात धार काढत होतो. खिसा थरथरला, तशी बादली तिथंच ठेवून पळत सुटलो. कडुलिंबाला मी ट्रकची जुनी रिंग टांगली आहे, तिच्यावर लोखंडी पहार हाणली. मला काही ऐकू आलं नाही, पण कोंबड्या उडाल्या त्यावरून कळलं की वाजतंय. झुंबरबाई शेळीला पोरासारखी कडेवर घेऊनच आली. सलमानची आई मुबारकबी आली ती पानाचा डबा घेऊन. म्हणाली, "पूर यीना का, पान तर खायाला पायजे." सगळे आमच्या ओट्यावर जमले, कारण स्लॅबचं घर वस्तीत आमचंच. मी अंगठ्यानं हिरवं दाबलं. लगेच 'शाबास' असा मेसेज आला. तुझाच असणार.

मामी लई खूश. सगळ्यांना सांगत होती, "पोरगी तितं नगरला बसून बघती. आता तिचा जीव भांड्यात पडला आसंल." तेव्हापासून फोन नुसता वाजला, नुसता कंपनीचा मेसेज आला, तरी विचारते, "ज्ञानूला सुखरूप धाडलं का?" मी म्हणतो, अगं, रिचार्ज संपल्याचं आलंय.

मामीचं विचारलंस. बरी आहे.

तुझा,
मामा


अहिल्यानगर
२० जुलै २०२५

मामा,

सुनीलचा फोन आला होता. त्याला वाटलं मला माहीत आहे. मामी चैत्रात गोठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती अजून खाटेवरून उठत नाही, हे मला तुमच्या पोराकडून कळावं? आणि तुम्ही मला काय लिहिता? बरी आहे. सुखरूप. मला खूप राग आला आहे आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं आहे. तिच्या हातचं खाऊन मी वाढले. मला परकी कशी केलीत?

या महिन्यात सुट्टी नाही, धरणं भरत आली आहेत. गणपतीनंतर नक्की येते.

तोवर एक ऐका. हाळी आली की उत्तर द्यायला वेळ लावू नका. आता मामी खाटेवर आहे हे कळल्यापासून तुमचा ठिपका पिवळा दिसला की माझी नजर तिथून हलतच नाही. लगेच सुखरूप दाबा, म्हणजे मी बाकीच्यांकडे बघायला मोकळी होते.

मामीला सांगा, मी रागावले आहे.

ज्ञानेश्वरी


पिंपळथडी
३ ऑगस्ट २०२५

ज्ञानू,

राग पोचला. मामीला वाचून दाखवला. ती रडली आणि मग म्हणाली, "बगा, मी म्हन्लं हुतं सुनीलला सांगू नका."

बाई, पत्रात सुखरूपच लिहायचं असतं. माझे वडील सैन्यातल्या धाकट्या भावाला लिहायचे, तेव्हा आजी वारली ते पत्रसुद्धा 'इकडे सर्व सुखरूप' असंच सुरू झालं होतं आणि चौथ्या ओळीत आजी गेली होती. लांबच्या माणसाच्या जिवाला आधी घोर लावायचा नाही. त्याला धावून येता येत नाही, नुसतं झुरता येतं. आम्हाला हेच वळण आहे. तुला परकी केली नाही, उलट जपली.

हाळीचं तू म्हणतेस तसं करतो. खिसा थरथरला की अंगठा तयार.

मामा


पिंपळथडी
१४ ऑक्टोबर २०२५

ज्ञानू,

दहाव्याला तू आलीस, पण त्या गर्दीत तुझ्याशी बोलता आलं नाही. तू सारखी चुलीपाशी भांडी घासत होतीस. मी समोर आलो की उठून जात होतीस. मला वाटलं, रडू लपवतेस. म्हणून मीही जवळ आलो नाही.

त्या दिवशीचं तुला कुणी सरळ सांगितलं नसेल. मी सांगतो.

घट बसलेले होते. आदल्या दिवसापासून वर घाटाकडं कोसळत होतं आणि धरणातून पाणी सुटलं होतं. सकाळी खिसा थरथरला. पाणी तेव्हा गोठ्याच्या पायरीखाली होतं. मी रिंग बडवली, सगळे आमच्याकडे आले, मी हिरवं दाबलं. ते तुला मिळालं असणार, कारण 'शाबास' आलं होतं. मग ओढा उलटला. रस्ता गेला. बघता बघता पाणी घरात शिरलं आणि खाटेचे पाय बुडाले. गच्चीला जिना नाही, लोखंडी शिडी आहे. सलमाननं तुझ्या मामीला, मुक्ताला, लुगड्यानं पाठीशी बांधली, लहान पोराला बांधतात तशी, आणि शिडी चढला. तिच्या खुब्याला काय कळा आल्या असतील ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिचं ओरडणं मला ऐकू येत नव्हतं, तेवढं एक देवानं बरं केलं.

वर ताडपत्री धरली ती वाऱ्यानं नेली. पाऊस थांबेना. मी लाल बटण दाबलं. स्क्रीनवर गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा फिरत राहिलं. मग वरच्या रेंजच्या कांड्या गेल्या आणि फोन नुसता दगड झाला. पण एवढ्या वेळा दाबलं त्यातलं एखादं तरी पोचलंच असेल.

दुपारी पंपहाऊसच्या वळणावर होडी दिसली. कल्याण भोयाची, ती तुम्ही भाड्यानं घेतलेली, नारिंगी पट्ट्याची. आम्ही सगळे नाचलो. झुंबरबाईनं पदर हलवला, सलमाननं सदरा काढून फिरवला. होडी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली आणि खाली वडाच्या मळ्याकडं निघून गेली. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळली.

होडी वळली तेव्हा मुक्ता जिवंत होती. तिनं मला विचारलं, "आली का?" मी तिच्या ओठांवरून ओळखलं. मी म्हणालो, येतेय. मग ती गार पडत गेली. आम्ही सगळे तिला बिलगून बसलो, मुबारकबीनं तिचे पाय आपल्या पोटाशी धरले, तरी गार पडत गेली. दिवस मावळायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी आली, ती तिला न्यायला.

आता माझं एकच काम राहिलं आहे. ती होडी का वळली, कुणाच्या सांगण्यावरून वळली, ते मला पाहिजे. वडाच्या मळ्यात कल्याणची सासुरवाडी आहे. लोक म्हणतात, त्यानं आपली माणसं आधी काढली. तू त्याच ऑफिसात आहेस. मला त्या माणसाचं नाव काढून दे. मला त्याचं काही करायचं नाही, या वयात काय करणार. नुसतं त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं आहे आणि त्याला माझं तोंड दाखवायचं आहे.

मामा


अहिल्यानगर
२५ ऑक्टोबर २०२५

ति. मामांस,

पत्र मिळालं. ऑफिसात चौकशी चालू आहे. त्या दिवशी कामाचा ताण फार होता, अनेक ठिकाणांहून मदतीची मागणी होती आणि काही भागांतले टॉवर बंद होते. नक्की काय झालं हे अहवाल आल्यावरच कळेल. तोवर कल्याणबद्दल कुणी काही बोलत असेल तर कृपा करून थांबवा.

औषधं वेळेवर घ्या. सुनीलकडे थोडे दिवस जाऊन या. वस्तीवर एकटे राहू नका.

ज्ञानेश्वरी


पिंपळथडी
८ नोव्हेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

तुझं पत्र आलं की तहसीलदाराचं, हे मला आधी कळेना. असं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस.

इकडचं ऐक. परवा बाजारात आमच्या गावच्या पोरांनी कल्याणला धरला. दोन-चार ठेवून दिल्या. त्याच रात्री कुणीतरी त्याची जाळी पेटवली. मला वाईट वाटलं नाही, खरं तेच लिहितो. मी घरी बसून होतो आणि मला बरं वाटलं. सलमान तेवढा म्हणाला, "मामू, हे न्हाई बरं. त्याचं ऐकून तरी घ्या." मी त्याच्यावर ओरडलो. ज्यानं माझ्या बायकोला पाठीवर वाहून नेलं त्याच्यावर मी ओरडलो, इतकं माझं डोकं फिरलं आहे.

कल्याणची बायको सविता इथं येऊन गेली. दारात उभी राहून तिनं हातवारे करून, मग जमिनीवर काडीनं लिहून मला सांगितलं, की त्याला केंद्रातून फोन आला म्हणून तो वळला. मी लिहिलं, कुणाचा फोन? तिनं मान हलवली. तो नाव सांगत नाही म्हणे. मार खातो पण नाव सांगत नाही. खोटं बोलणाऱ्याला नाव कुठून सुचणार?

पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी ग्रामसभा आहे. मी त्याच्यावर पोलिसांत अर्ज देण्याचा ठराव मांडणार आहे. गाव माझ्या मागं आहे. तूर्त तू एका ओळीचं उत्तर दे. त्या दिवशी तू तिथं खुर्चीवर होतीस. असा फोन कुणी केला होता का?

मामा


अहिल्यानगर
१४ नोव्हेंबर २०२५

मामा,

फोन मी केला.

कल्याण पिंपळथडीकडेच निघाला होता. त्याला कुणी पाठवलं नव्हतं, तो स्वतःहून निघाला होता, कारण बेचक्यातल्या वस्त्या आधी बुडतात हे त्याला ठाऊक आहे. तो वळणावर असताना, कुठं आहेस विचारायला मी त्याला फोन लावला; तिथवर पलीकडच्या काठच्या टॉवरची रेंज येते. तो म्हणाला, "म्याडम, पिंपळथडीला जातो." मी नकाशा पाहिला. वडाचा मळा लाल होता. तिथं शाळेत लेकरं अडकली होती. पिंपळथडी हिरवी होती. मी म्हणाले, तिकडे सगळे सुखरूप आहेत, वडाच्या मळ्याला जा. तो म्हणाला, "गच्चीवर मानसं दिसत्यात." मी म्हणाले, हो, ते वर चढून बसलेत, सुरक्षित आहेत, माझे मामाच आहेत तिथं.

मामा, तुमचं लाल माझ्यापर्यंत आलंच नाही. टॉवर गेला होता. सकाळी तुम्ही दाबलेलं हिरवं तेवढं दिवसभर नकाशावर राहिलं. टॉवर गेला तर ठिपका पुन्हा पिवळा व्हायला हवा, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळचं सुखरूप दुपारी खरं असेल का, हे मीही विचारलं नाही. उलट तुमचा ठिपका हिरवा झाला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले आणि चहा मागवला. सकाळपासून पहिल्यांदा माझ्या घशाखाली काही उतरलं. मामी खाटेवर आहे हे माहीत असताना.

आणि लगेच सुखरूप दाबा, असं तुम्हाला मीच लिहिलं होतं. तुम्ही माझं ऐकलंत.

दहाव्याला हे सांगायचं म्हणून आले होते. तुमचं तोंड पाहिलं आणि भांडी घासत बसले. मग वाटलं, तुम्हाला कधीच कळू नये. तुमच्याच हातानं दाबलेलं बटण होतं हे कळलं तर तुम्ही कसे जगाल, असं म्हणून मी गप्प बसले. पण त्यात मी स्वतःलाही झाकत होते. कल्याणला मी नाव लपव म्हणून सांगितलेलं नाही. पिंपळथडी माझं आजोळ आहे हे कळल्यावर त्यानं आपणहून झाकलं. त्याला मार बसला, त्याची जाळी जळली, आणि मी इथं अहवालाच्या गोष्टी लिहीत बसले.

साहेबांना मी सगळं लेखी दिलं आहे. काय व्हायचं ते होईल. ग्रामसभेत माझं हे पत्र वाचून दाखवा. त्या माणसाला तोंड दाखवायचं आहे असं तुम्ही लिहिलं होतंत. कधी येऊ ते कळवा. किंवा येऊ नको म्हणून कळवा, तेही मी समजेन.

ज्ञानू


पिंपळथडी
२ डिसेंबर २०२५

ज्ञानू,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका राग आला की पत्र चुलीत घालायला निघालो होतो. ते चहाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मनात तुला वाट्टेल ते बोललो. मग एका सकाळी अंघोळीला बसलो असताना एकदम उमगलं की रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलेलंच नाही. तसाच ओल्या अंगानं बसून राहिलो. सलमाननं येऊन टॉवेल दिला.

काल ग्रामसभा झाली. तुझं पत्र वाचलं नाही. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडानं सांगितलं. सकाळी मी सुखरूप दाबलं, पोरीला काळजी नको म्हणून दाबलं, ते नगरला हिरवं दिसलं आणि म्हणून होडी दुसरीकडं गेली. त्या शाळेतली लेकरं कल्याणनं काढली, ती आज जिवंत आहेत. कल्याणचा काही दोष नाही, ज्यांनी त्याची जाळी जाळली त्यांनी ती भरून द्यावीत, आणि पहिलं जाळं मी देतो. तुझं नाव मी घेतलं. लपवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

मी किती मोठ्यानं बोललो मला माहीत नाही. सगळे खाली बघत होते. झुंबरबाई उठून माझ्याजवळ आली आणि तिच्या ओठांवरून मला कळलं, "आवं, तुमी काय मुद्दाम केलं का?" ज्ञानू, कुणी शिवी दिली असती तर सोसली असती. हे मला सोसलं नाही. मी बाहेर पडलो. कल्याण दाराशीच उभा होता. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्यानं मला मध्येच धरलं आणि दोघंही तसेच उभे राहिलो. त्याच्या भुवईवर अजून खोक आहे.

तू ये. तोंड दाखवायला नको, राहायला ये. केंद्र तुला ठेवो न ठेवो. इथं घरात चिखलाचा वास अजून जात नाही आणि मला एकट्याला सारवता येत नाही.

एक गोष्ट सभेत सांगितली नाही, ती तुला सांगतो. त्या सकाळी हाळी आली तेव्हा मी लाल दाबणार होतो. पाणी पायरीखालीच होतं, पण त्याचा रंग बघून माझ्या मनात आलं होतं, की मुक्ता चालत नाही, होडी आधीच बोलावून ठेवावी. अंगठा लालवर नेला होता. खाटेवरून तिनं माझा हात धरला. म्हणाली, "लाल दाबू नका. पोरगी तितं एकटी हाय, घाबरून मरंल. पानी उतरंल दुपारपत्तुर. आदी तिला सुखरूप कळवा." मी हिरवं दाबलं. 'शाबास' आलं तो फोन तिनं माझ्याकडून मागून घेतला आणि तुझं लिहिलेलं कितीतरी वेळ बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं, तुला माहीतच आहे.

हे कुणाला सांगू नकोस. सुनीललाही नाही. चौकशीची माणसं माझ्याकडं येणार आहेत असं कळतं. त्यांना मी सांगणार आहे की बटण कानिफनाथनं दाबलं, आपल्या मनानं दाबलं, आणि त्या वेळी त्याची बायको झोपलेली होती.

मामा